ध्वनिसंश्लेषण, संगणकीय

वाद्य किंवा कंठ यांच्या प्रत्यक्ष कंपनाशिवाय, संगणकाने आज्ञावलीनुसार (सूचनांच्या क्रमवार संचानुसार) काढलेल्या संख्यांपासून ध्वनी निर्माण करण्याच्या क्रियेस संगणकीय ध्वनिसंश्लेषण म्हणतात. इलेक्ट्रॉनीय संगीताचे हे एक प्रमुख साधन असून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याचा विकास झाला. ध्वनीचे पुनरुत्पादन आणि संश्लेषण यांत मूलभूत फरक आहे. पुनरुत्पादनात अगोदर मुद्रित केलेला ध्वनी परत ऐकविला जातो. संश्लेषणात ध्वनीचे वर्णन प्रथम तयार होते व त्यातून ध्वनी उद्‌भवतो. ऐकू येण्याजोगा कोणताही ध्वनी संगणक तत्त्वतः निर्माण करू शकतो. मात्र इष्ट ध्वनीचे नेमके वर्णन कसे करावयाचे, हा प्रश्न संगणक सोडवीत नाही. या तंत्राचा इतिहास, त्यातील विविध पद्धती आणि त्यांचे अध्ययन ही सर्व मुख्यतः याच प्रश्नाशी निगडित आहेत.

मूलतत्त्वे : ध्वनी म्हणजे हवेच्या दाबात होणारा जलद चढउतार होय. हा चढउतार ठराविक व अत्यल्प कालांतराने मोजल्यास तो संख्यांच्या मालिकेत मांडता येतो. मालिकेतील प्रत्येक संख्येस ‘नमुना’ म्हणतात. याउलट, अशी मालिका संख्यांचे विद्युत् दाबात रूपांतर करणाऱ्या परिवर्तकाकडे पाठविली म्हणजे त्या दाबानुसार ध्वनिक्षेपकाचा पडदा कंप पावतो व ध्वनी ऐकू येतो. नमुन्यांची दर सेकंदाची संख्या ध्वनीतील सर्वोच्च कंप्रतेच्या (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांच्या संख्येच्या) दुपटीहून अधिक असावी लागते. मानवी कानाची वरची मर्यादा सु. २०,००० हर्ट्‌झ असल्यामुळे १९८२ मध्ये बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कसाठी सेकंदाला ४४,१०० नमुने हे प्रमाण ठरविण्यात आले. त्यातील प्रत्येक नमुना ६५,५३६ पातळ्यांपैकी एका पातळीने दर्शविला जातो. या प्रमाणानुसार २२,०५० हर्ट्‌झच्या वरची कंप्रता मागितली, तर ती खालच्या बाजूस परावर्तित होऊन भलत्याच स्वरूपात प्रकटते, उदा., ३०,००० हर्ट्‌झऐवजी १४,१०० हर्ट्‌झचा आगंतुक स्वर ऐकू येतो.

तीन मिनिटांच्या संगीतासाठी या हिशेबाने एकाच ध्वनिमार्गास ७९,३८,००० संख्या लागतात. त्या एकेक करून लिहिणे कोणत्याही रचनाकारास शक्य नाही. त्यामुळे थोड्या, अर्थपूर्ण व कानाने पारखता येतील अशा संख्यांवरून उरलेल्या सर्व संख्या काढून घेण्याची युक्ती शोधावी लागते. संश्लेषणाची प्रत्येक पद्धती म्हणजे अशीच एक युक्ती होय.

ऐतिहासिक आढावा : १९५१ च्या सुमारास ऑस्ट्रेलिया व इंग्लंड येथील संगणकांवर काही परिचित सुरावटी वाजविण्यात आल्या होत्या. परंतु तेथे यंत्रातील विद्युत् स्पंदच ध्वनिक्षेपकातून ऐकविले जात. ध्वनीच्या अंतर्गत घडणीवर नियंत्रण नव्हते. असे नियंत्रण प्रथम अमेरिकेतील बेल टेलिफोन लॅबोरेटरीज या संस्थेतील अभियंते मॅक्स मॅथ्यूज यांच्या ‘म्यूझिक’ या आज्ञावलीने १९५७ मध्ये साध्य केले. आयबीएम ७०४ या संगणकावर तिच्याद्वारे तयार केलेली पहिली रचना १७ सेकंदांची होती. संगणक न्यूयॉर्कमध्ये, तर संख्यांचे ध्वनीत रूपांतर करणारे साधन न्यू जर्सी राज्यातील मरे हिल येथे असल्यामुळे संख्या चुंबकीय फितीवर नोंदवून तेथे न्याव्या लागत. आपण मागितलेला ध्वनी प्रत्यक्षात कसा आहे, हे रचनाकारास बऱ्याच विलंबाने कळे.

मॅथ्यूज यांनी १९६० च्या आवृत्तीत ‘घटक-जनक’ ही कल्पना आणली. आंदोलक, बेरीज करणारा घटक, छानक (विशिष्ट कंप्रता जाऊ देणारा व इतर रोखणारा घटक) असे छोटे तयार घटक एकमेकांस जोडून वापरणाऱ्याने स्वतःचे ‘वाद्य’ रचावयाचे आणि स्वरांची यादी वेगळी द्यावयाची, अशी ही योजना होती. पुढील बहुतेक सर्व आज्ञावल्या याच आराखड्यावर उभ्या आहेत. फ्रेंच भौतिकीविज्ञ व संगीतरचनाकार झां-क्लोद रिसे यांनी बेल संस्थेतच १९६९ मध्ये संगणकीय ध्वनींची एक सूची सिद्ध केली. तीत प्रत्येक ध्वनीची कृती संख्यांसह देऊन तो ऐकण्याचीही सोय केलेली होती. एखाद्याला सापडलेला ध्वनी दुसऱ्यास पडताळून पाहता येईल व शिकता येईल, अशी परंपरा या सूचीने दृढ केली.

भारतात अहमदाबाद येथील राष्ट्रीय अभिकल्प संस्थेत (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन) १९६९ मध्ये अमेरिकन रचनाकार डेव्हिड ट्यूडर यांच्या साहाय्याने इलेक्ट्रॉनीय संगीताची कार्यशाळा उभारण्यात आली. तेथील मूग संश्लेषक मात्र संगणकावर चालणारा नसून विद्युत् दाबाने नियंत्रित होणारा होता.

प्रमुख पद्धती : (१) समावेशी संश्लेषण : कोणताही आवर्ती ध्वनी हा एक मूलस्वर व त्याच्या कंप्रतेच्या पूर्णांकी पटींतील उपस्वर यांची बेरीज असतो, या फूर्ये यांच्या गणितावर ही पद्धती आधारलेली आहे. प्रत्येक घटकास स्वतंत्र आंदोलक देऊन त्यांची बेरीज केली जाते. तत्त्व सोपे असले, तरी उपस्वरांचे प्रमाण स्थिर ठेवल्यास निर्जीव ध्वनी मिळतो. ट्रंपेटचे स्वर संगणकाने तपासताना रिसे यांना याचे कारण उमगले. ट्रंपेटचा स्वर जसा मोठा होतो, तसे त्यातील वरच्या उपस्वरांचे प्रमाण वाढते आणि स्वराच्या पहिल्या काही शतांश सेकंदांत ते झपाट्याने बदलते. वाद्याची ओळख उपस्वरांच्या यादीत नसून त्यांच्या बदलात आहे, हा या विषयातील एक मूलगामी शोध होय. परंतु प्रत्येक उपस्वराच्या बदलाचा आलेख वेगळा द्यावा लागत असल्याने ही पद्धती अतिशय खर्चिक ठरते.

(२) वियोगी संश्लेषण : यात उपस्वरांनी समृद्ध अशा तरंगापासून आरंभ करून नको असलेला भाग छानकाने काढून टाकला जातो. करवती तरंगात सर्व उपस्वर असतात, तर चौरस तरंगात फक्त विषम क्रमांकांचे असतात. छानकाची मर्यादा कालानुसार सरकविली म्हणजे ध्वनी उजळतो किंवा मंदावतो. मानवी वाणीतही स्वरतंतूंचा समृद्ध ध्वनी मुख व घसा यांच्या पोकळ्यांतून छानला जातो. त्यामुळे ही पद्धती कानास लवकर आकळते.

(३) कंप्रता विरूपण : स्टॅनफर्ड विद्यापीठातील संगीतरचनाकार जॉन चाउनिंग यांना १९६७ मध्ये स्वराच्या कंपनयुक्त आंदोलनावर प्रयोग करताना असे आढळले, की आंदोलनाचा वेग व व्याप्ती पुरेशी वाढविल्यावर कानास स्वराचे हेलकावे जाणवेनासे होतात व त्यांऐवजी वेगळ्याच गुणाचा एक ध्वनी ऐकू येतो. एका तरंगाची (वाहकाची) कंप्रता दुसऱ्या तरंगाने (विरूपकाने) बदलल्यास वाहकाच्या दोन्ही बाजूंस विरूपकाच्या कंप्रतेइतक्या अंतराने नवे घटक निर्माण होतात. वाहक २०० व विरूपक ४०० हर्ट्‌झ असल्यास २००, ६००, १,००० असे विषम उपस्वर मिळून क्लॅरिनेटसदृश ध्वनी होतो. विरूपक २८० हर्ट्‌झ केल्यास घटक अपूर्णांकी पटींत येऊन घंटेसारखा नाद मिळतो. घटक किती पसरावेत हे ‘विरूपण निर्देशांक’ या एकाच संख्येने ठरते. समावेशी पद्धतीत ज्यासाठी अनेक आलेख लागत, तो बदल येथे एका आलेखाने साधतो.

चाउनिंग यांचा यासंबंधीचा निबंध १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला, १९७७ मध्ये पेटंट मिळाले आणि जपानमधील यामाहा कंपनीच्या १९८३ च्या डीएक्स-७ या वाद्यामुळे ही पद्धती जगभर पसरली. तथापि तिच्यातील संख्या व ऐकू येणारा परिणाम यांचा संबंध सहज उमजणारा नाही. त्यामुळे अनेक वादक त्या वाद्यात भरून दिलेल्या तयार ध्वनींवरच विसंबून राहिले. साधन सुलभ झाले म्हणजे त्याचे ज्ञानही सुलभ होते असे नाही, हे यावरून दिसते.

(४) कणीय संश्लेषण : डेनिस गाबॉर यांनी १९४० नंतरच्या दशकात ध्वनीचे सूक्ष्म कणांत विघटन करता येते, हे सैद्धांतिक रीत्या मांडले. सर्वसाधारणपणे एक ते शंभर सहस्रांश सेकंद लांबीचे असंख्य कण विखरून यात ध्वनिमेघ रचले जातात. रचनाकार येथे एकेका कणाऐवजी कणांची दाटी, लांबी व कंप्रतेचा पल्ला ठरवितो. कर्टिस रोड्स यांनी १९७४ मध्ये ही पद्धती संगणकावर प्रथम राबविली.

(५) भौतिक प्रतिकृती : यात ध्वनीऐवजी ध्वनी उत्पन्न करणाऱ्या वस्तूचेच गणिती वर्णन केले जाते. केव्हिन कार्पलस व अ‍ॅलेक्स स्ट्राँग यांची १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेली छेडलेल्या तारेची रीत हे याचे सर्वांत साधे उदाहरण होय. २०० यादृच्छिक संख्यांची रांग घेऊन ती पुनःपुन्हा वाचावयाची आणि प्रत्येक फेरीत शेजारच्या दोन संख्यांची सरासरी मागे ठेवावयाची. सेकंदाला ४४,१०० नमुने असल्यास सु. २२० हर्ट्‌झचा, तार छेडल्यासारखा व हळूहळू विरत जाणारा स्वर मिळतो. सरासरीमुळे वरचे उपस्वर आधी लोपतात, हे प्रत्यक्ष तारेच्या वर्तनाशी जुळते.

तंबोऱ्याचा नाद मात्र एवढ्याने साधत नाही. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये दाखविले, की तारेवर जेथे आघात होतो तेथे निष्पंद बिंदू असणारे उपस्वर सामान्य नियमानुसार उमटू नयेत. तंबोरा व वीणा यांत मात्र ते उमटतात. तार रुंद, बाकदार घोडीला प्रत्येक आंदोलनात स्पर्श करते, हे त्याचे कारण आहे. मिरजेचे कारागीर घोडी घासून व तारेखाली सूत सरकवून जी जवारी काढतात, ती याच स्पर्शावर अवलंबून असते. तंबोऱ्याच्या प्रतिकृतीत म्हणून घोडीचा बाक व हा स्पर्श यांचे वर्णन स्वतंत्रपणे घालावे लागते. कारागिराने कानाने जपलेले ज्ञान येथे संख्यांत उतरवावे लागते.

साधने : मॅथ्यूज यांच्या परंपरेतील ‘सीसाउंड’ ही आज्ञावली बॅरी व्हर्को यांनी मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे १९८६ मध्ये तयार केली. मिलर पकेट यांची ‘प्युअर डेटा’ व जेम्स मकार्टनी यांची ‘सुपरकोलायडर’ या १९९६ मधील होत. सीसाउंड व सुपरकोलायडर यांत सूचना अक्षरांत लिहाव्या लागतात. प्युअर डेटामध्ये पडद्यावरील चौकटी रेषांनी जोडल्या जातात. तिन्ही विनामूल्य उपलब्ध असून सामान्य वैयक्तिक संगणकावर चालतात. मागितलेला ध्वनी आता तत्क्षणी ऐकता येत असल्याने आरंभीच्या काळातील दीर्घ प्रतीक्षा उरलेली नाही.

अध्ययन : या तंत्राच्या अध्ययनात गणित, आज्ञावलीचे लेखन व श्रवण या तिन्ही अंगांचा मेळ घालावा लागतो. त्यांपैकी श्रवणाचे अंग सर्वांत उपेक्षिले जाते. आरंभ एका शुद्ध स्वरापासून करणे इष्ट असते. ४४० व ४४३ हर्ट्‌झचे दोन स्वर एकत्र वाजविल्यास सेकंदाला तीन ठोके ऐकू येतात. तंबोरा जुळविताना ऐकू येणारे ठोके याच प्रकारचे होत. त्यानंतर तीव्रतेचा आलेख बदलून पहावा. पियानोचा मुद्रित स्वर उलटा वाजविल्यास त्यातील उपस्वर तेच राहूनही तो पियानोचा वाटत नाही. यावरून स्वराच्या आरंभाचे महत्त्व पटते. पुढे वियोगी, समावेशी, कंप्रता विरूपण अशा क्रमाने जाणे सोयीचे ठरते. प्रत्येक प्रयोगात एका वेळी एकच संख्या बदलावी, परिणाम काय होईल याचा अंदाज आधी नोंदवावा आणि मगच ऐकावे. चुकलेल्या अंदाजाचे कारण शोधल्यानेच संख्या व नाद यांचा संबंध मनात पक्का होतो. आज्ञावलीतील चुकीमुळे एकाएकी कर्कश व अतितीव्र ध्वनी निघू शकतो; म्हणून, विशेषतः कानावरील श्रवणयंत्राने (हेडफोनने) ऐकताना, तीव्रता प्रथम कमी ठेवणे आवश्यक असते.

भारतीय संगीताच्या दृष्टीने या तंत्राचे दोन गुण लक्षणीय आहेत. एक म्हणजे स्वरस्थान पट्टीच्या बारा सुरांशी बांधलेले नसते. षड्ज २४० हर्ट्‌झ मानल्यास पाचास चार या प्रमाणातील शुद्ध गांधार ३०० हर्ट्‌झ येतो, तर समविभागी पट्टीवर तो सु. ३०२.४ हर्ट्‌झ असतो. संगणकास दोन्ही सारखेच सुलभ असल्याने हा भेद प्रत्यक्ष ऐकून अभ्यासता येतो. दुसरे म्हणजे मींड व गमक यांसाठी स्वराची कंप्रता सलग आलेखाच्या स्वरूपात देता येते. मात्र असा आलेख काढण्यासाठी मींड कोठून निघते, कोठे रेंगाळते व कोठे विसावते, हे आधी नेमके ऐकता आले पाहिजे. संगणक दिलेले वर्णन तंतोतंत पाळतो. वर्णनातील उणीव तो भरून काढीत नाही, ती ध्वनीत स्पष्ट ऐकू येते.