हरण्या रोगाचा विषाणू आणि त्याचे वंशवृक्ष

जळगाव जिल्ह्यातील रावेर-यावलच्या केळीबागांना ग्रासणारा ‘हरण्या’ रोग मावा किडीमार्फत पसरणाऱ्या कुकुंबर मोझॅक या आरएनए विषाणूमुळे होतो. त्याचा जनुकसंच, म्हणजेच आनुवंशिक मजकूर, सुमारे 8,600 अक्षरांचा असून तो तीन स्वतंत्र तुकड्यांत विभागलेला असतो. निरनिराळ्या बागांतील नमुन्यांचे हे मजकूर संगणक अक्षराला अक्षर जुळवून मांडतो, ज्यास संरेखन म्हणतात, आणि त्यांतील फरकांवरून विषाणूचा वंशवृक्ष रचतो. तिन्ही तुकड्यांचे वृक्ष वेगवेगळे रचणे येथे अत्यावश्यकच मानले पाहिजे, कारण एकाच झाडात विषाणूचे दोन प्रकार शिरल्यास तुकड्यांची अदलाबदल होऊ शकते आणि एकच तुकडा तपासणाऱ्या अभ्यासकाच्या नजरेतून अशी संमिश्र संतती निसटते. बाधित झाड बरे करणारे औषध नसल्याने ते वेळीच उपटून नष्ट करावे लागते.