घटपर्णीची कुंडी आणि कृष्णाकाठचं पाणी



ऊस, हळद, द्राक्षं यांच्या लागवडीविषयी आपण नेहमी ऐकतो. खत किती द्यावं, पाणी किती पाळ्यांनी द्यावं, याचा हिशेब आपल्या भागातल्या शेतकऱ्याला तोंडपाठ असतो. आज मी ज्या झाडाविषयी बोलणार आहे, त्याचा हिशेब मात्र नेमका उलटा आहे. त्याच्या मुळाशी खत घातलं तर मुळं करपतात. आपल्या विहिरीचं पाणी त्याला सोसत नाही. काळी, कसदार जमीन दिली तर ते खंगत जातं. या झाडाचं नाव घटपर्णी. शास्त्रीय भाषेत त्याला नेपेंथिस म्हणतात.

हल्ली शहरातल्या रोपवाटिकांतून हे झाड विकत मिळू लागलं आहे. आमच्या माधवनगरातही काही घरांच्या पडवीत ते टांगलेलं दिसतं. झाड आणलं तेव्हा पानांच्या टोकांना छान घट लोंबत असतात. दोन महिन्यांनी ते वाळतात, नवे येत नाहीत, आणि मग घरधनी विचारतात, “याला कोणतं औषध मारू?” औषधाचं काम नाही. झाड समजून घेण्याचं काम आहे.

पहिली गोष्ट म्हणजे घट हे फूल नव्हे, फळही नव्हे. ते पान आहे. आपण ज्याला पान म्हणतो तो रुंद हिरवा भाग म्हणजे खरं तर पानाचा तळ. त्याच्या पुढे दोरीसारखा ताणा येतो, तो देठ. आणि त्या ताण्याच्या टोकाला पात्याचा घट झालेला असतो. घटावरचं झाकण म्हणजे पानाचं टोक. शिक्षकांनी वर्गात पानाची रूपांतरं शिकवताना काटा, ताणा आणि घट अशी तीन उदाहरणं एकत्र घ्यावीत. निवडुंगाचा काटा मुलांनी पाहिलेला असतो, वाटाण्याचा ताणाही पाहिलेला असतो. घट पाहिला की पानाची गोष्ट पुरी होते.

दुसरी गोष्ट, हे झाकण किडा आत पडल्यावर मिटत नाही. पुष्कळ पुस्तकांतल्या चित्रांमुळे तसा समज झाला आहे. एकदा उघडलेलं झाकण उघडंच राहतं. पावसाचं पाणी घटात पडून आतला रस पातळ होऊ नये, एवढ्यासाठी ते छत्रीसारखं असतं. किडा पडतो तो घटाच्या काठावरून घसरून. काठावर गोड रस पाझरतो, त्याच्या ओढीने मुंगी येते. हवेत दमटपणा असला की त्या काठावर पाण्याचा पातळ थर धरतो आणि मुंगीचे पाय निसटतात. आतल्या भिंतीला मेणासारखा थर असतो, त्यामुळे वर चढता येत नाही. तळाच्या रसात पाचक विकरं असतात. किड्याचा मऊ भाग त्यात विरघळतो आणि झाड त्यातलं नत्र शोषून घेतं.

इथे एक शंका येते. किडे खाणारं झाड म्हणजे ते ऊन, पाणी, हवा यांपासून अन्न तयार करत नाही काय? करतं. इतर हिरव्या झाडांप्रमाणेच करतं. किड्यातून त्याला मिळतं ते मुख्यतः नत्र आणि स्फुरद. म्हणजे किडा ही त्याची भाकरी नव्हे, ते त्याचं खत आहे. ज्या जमिनीत खत नाही, तिथे उभं राहून त्याने हवेतून उडणारं खत पकडण्याची युक्ती काढली.

ही युक्ती पाहायला फार लांब जायला नको. साताऱ्याजवळच्या कास पठारावर जांभ्या दगडावर मातीचा अगदी पातळ थर आहे. पावसाने त्यातली पोषक द्रव्यं वाहून जातात. तिथे पावसाळ्यात दवबिंदू नावाची इवलीशी वनस्पती उगवते. तिच्या पानांवरच्या केसांच्या टोकाला चिकट थेंब असतात, त्यांत चिलटं अडकतात. तिथेच सीतेची आसवं ही जांभळ्या फुलांची वनस्पती गालिच्यासारखी पसरते. तिच्या मुळासारख्या भागांवर बारीक पिशव्या असतात. पाण्यातला सूक्ष्म जीव त्या पिशवीच्या तोंडाशी आला की डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आधी आत ओढला जातो. कास २०१२ साली पश्चिम घाटाच्या इतर स्थळांबरोबर जागतिक वारशाच्या यादीत आलं. चार्ल्स डार्विनने १८७५ साली कीटकभक्षक वनस्पतींवर ग्रंथ लिहिला, त्यात सर्वांत जास्त पानं दवबिंदूच्याच कुळाला दिलेली आहेत.

घटपर्णी मात्र महाराष्ट्रात रानात सापडत नाही. मादागास्करपासून ऑस्ट्रेलियापर्यंत तिच्या दीडशेहून अधिक जाती पसरल्या आहेत आणि बोर्निओ, सुमात्रा, फिलिपाइन्स ही तिची मोठी माहेरघरं. भारतात तिची एकच जात रानटी आढळते, नेपेंथिस खासियाना. ती मेघालयात खासी, जयंतिया आणि गारो टेकड्यांत वाढते. गारो लोक तिला ‘मेमांग-कोक्सी’ म्हणतात, म्हणजे भुताची टोपली.

आता मेघालय आणि आपला भाग यांची तुलना करू. चेरापुंजीला वर्षाला सरासरी ११,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. सांगलीच्या आसपास तो ६०० मिलिमीटरच्या आगेमागे. तिथली हवा ओलसर, आपल्याकडे चैत्र-वैशाखात दुपारचा वारा अंगाला चटका देतो. मग झाड जगावं कसं? जगतं, पण त्याला चार गोष्टी सांभाळून द्याव्या लागतात : पाणी, माती, ओलावा आणि उजेड.

पाण्यापासून सुरुवात करू, कारण बहुतेक झाडं पाण्यानेच जातात. पावसाचं पाणी सर्वांत चांगलं. पहिले दोन पाऊस कौल आणि पत्रे धुऊन जाऊ द्यावेत, मग पागोळीचं पाणी स्वच्छ पिंपात धरून झाकून ठेवावं. एका कुंडीला वर्षभर दोन-तीन पिंपं पुरतात. ते नसेल तर घरगुती शुद्धीकरण यंत्राचं, क्षार काढलेलं पाणी चालतं. पाण्यात लिटरमागे ५० मिलिग्रॅमच्या आत क्षार असतील तर उत्तम. बोअरचं पाणी देऊ नये.

मातीच्या नावाखाली माती घालायचीच नाही. नारळाच्या सोडणाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे दोन भाग, लाकडी कोळशाचे तुकडे एक भाग आणि परलाइट नावाची पांढरी हलकी खडी किंवा नदीची जाड, धुतलेली वाळू एक भाग असं मिश्रण करावं. स्फॅग्नम जातीचं वाळवलेलं शेवाळ मिळालं तर सोडणाऐवजी तेच घ्यावं. नारळाच्या सोडणात मीठ असू शकतं. म्हणून ते तीन दिवस स्वच्छ पाण्यात भिजत घालून रोज पाणी बदलावं. शेणखत, गांडूळखत, पेंड, युरिया यांपैकी काहीही नको.

कुंडी बदलण्याची वेळ आपल्याकडे मृगाचा पाऊस होऊन हवा थंडावली की येते. ज्येष्ठ-आषाढ उत्तम. दर दीड-दोन वर्षांनी कुंडी बदलावी, कारण तोवर सोडण कुजून चिखलासारखं होतं आणि मुळांना हवा मिळत नाही. नवी कुंडी जुनीपेक्षा दोन-तीन बोटं मोठी असावी, फार मोठी नको. मातीच्या कुंडीपेक्षा प्लॅस्टिकची बरी. मातीची कुंडी भिंतीतून पाणी सोडते, लवकर सुकते आणि तिच्या अंगावर क्षार धरतात. बुडाला पाच-सहा भोकं हवीतच.

आदल्या दिवशी झाडाला पाणी द्यावं. दुसऱ्या दिवशी कुंडी आडवी धरून कडेने हलके थोपटावं आणि गड्डा अलगद बाहेर घ्यावा. मुळं काळी आणि बारीक दिसतील. ती कुजली म्हणून छाटू नयेत. घटपर्णीची निरोगी मुळं काळसरच असतात आणि फार ठिसूळ असतात. जेवढं जुनं मिश्रण आपोआप सुटेल तेवढंच काढावं, मुळं धुऊ नयेत, विंचरू नयेत. नव्या कुंडीत थोडं मिश्रण घालून पूर्वीच्याच खोलीवर गड्डा बसवावा, कडेने मिश्रण सोडावं आणि कुंडी दोनदा आपटून ते बसू द्यावं. बोटांनी दाबू नये. मग बुडातून वाहीपर्यंत पावसाचं पाणी द्यावं.

पुढचे दोन-तीन आठवडे झाड सावलीत, पण उजेडात ठेवावं. चार काड्या रोवून वरून पारदर्शक पिशवी घालावी आणि रोज थोडा वेळ वारा द्यावा. या काळात जुने घट वरून तपकिरी होतात. घाबरू नये. पूर्ण वाळलेला घटच कापावा, अर्धा हिरवा असेल तर राहू द्यावा. हलवताना घटातला रस सांडला असेल तर तिसऱ्या हिश्शापर्यंत पावसाचं पाणी घालावं. वेल फार वाढला असेल तर दोन-तीन पेरांचे तुकडे करून, पानं अर्धी कापून, ओल्या शेवाळात लावावेत. महिना-दोन महिन्यांत मुळं धरतात.

एरवी जागा पूर्वेच्या पडवीतली निवडावी. सकाळचं दोन-तीन तास ऊन, मग उजळ सावली. अंधाऱ्या बैठकीत पानं हिरवीगार राहतील, पण घट येणार नाहीत. उन्हाळ्यात वाऱ्याच्या बाजूला ओलं गोणपाट टांगावं आणि खडे-पाणी भरलेल्या परातीवर कुंडी ठेवावी. कुंडीचं बूड पाण्यात बुडता कामा नये. घटात मांसाचा तुकडा, दूध, भात असं काही घालू नये. ते सडतं आणि घट मरतो. मुंग्या आपल्या पायांनी येतात.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, या झाडाच्या निमित्ताने एक सोपा प्रयोग वर्गात करता येईल. दोन स्वच्छ स्टीलच्या ताटल्या घ्या. एकीत वाटीभर पावसाचं पाणी, दुसरीत वाटीभर विहिरीचं किंवा बोअरचं पाणी घालून उन्हात ठेवा. पाणी आटल्यावर दुसऱ्या ताटलीत पांढरा थर दिसेल. घटपर्णीला मारतो तो हाच थर. आणि मग मुलांना पुढचा प्रश्न विचारा : उसाला वर्षभर पाण्याच्या पाळ्या दिल्या, पाण्याचा निचरा झाला नाही, तर हा थर कुठे जातो? कृष्णाकाठच्या कितीतरी गावांत पांढऱ्या पडलेल्या, पीक न देणाऱ्या जमिनी आहेत. मुलं त्या रोज शाळेत येता-जाता पाहतात. कुंडीत दोन महिन्यांत जे दिसतं, तेच शेतात दिसायला पंधरा-वीस वर्षं लागतात, एवढाच फरक. उसाला खत हवं, घटपर्णीला नको, हे खरं. पण मुळांना हवा हवी आणि साचलेलं पाणी व क्षार नकोत, हा नियम दोघांनाही सारखाच.

शेवटी एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. मेघालयातली आपली घटपर्णी संकटात आहे. कोळशाच्या खाणी, जंगलतोड आणि हौशी लोकांसाठी रानातून उपटून विकली जाणारी रोपं, यांमुळे तिच्या जागा आकसत गेल्या आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तिचं नाव नोंदलेलं आहे आणि रानातल्या रोपांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आहे. तिच्यात नर-झाड वेगळं आणि मादी-झाड वेगळं असतं. एका टेकडीवरची चार झाडं उपटली आणि ती सगळी नर निघाली, तर उरलेल्या मादी-झाडांना बी धरायचं कठीण होतं. म्हणून विकत घेताना रोप रोपवाटिकेत कलमाने किंवा प्रयोगशाळेत वाढवलेलं आहे ना, हे विचारून घ्यावं. संकरित जाती स्वस्त असतात, आपल्या हवेत टिकतातही जास्त. कासच्या सहलीला गेलात तर दवबिंदू वहीत दाबायला उपटू देऊ नका. मुलांना गुडघ्यावर बसवा, भिंगातून एका पानावरचे थेंब दाखवा आणि रोप जागेवरच राहू द्या. पुढच्या वर्षीच्या वर्गालाही ते पाहायचं आहे.