साखर नॉर्मल आली, आता गोळी कशाला?

मधुमेह बरीच वर्षं दुखत नाही, खुपत नाही. उपचार सोडल्याचं नुकसानही लगेच जाणवत नाही. मग नात्यागोत्यात ऐकलेल्या समजुती डॉक्टरांच्या चिठ्ठीपेक्षा वरचढ ठरतात. टाइप २ मधुमेहाबद्दलच्या अशा काही समजुती तपासून पाहू.

गैरसमज १: रिपोर्ट नॉर्मल आला, आता गोळी बंद केली तरी चालेल.

वस्तुस्थिती: रिपोर्ट नॉर्मल आला तो गोळी, आहार आणि व्यायाम यांच्यामुळे. गोळी परस्पर बंद केली की साखर बहुधा पुन्हा चढते. सुरुवातीच्या वर्षांत बरंच वजन उतरवलेल्या काहींची साखर औषधाविना ताब्यात राहते, हे खरं. पण तो निर्णय एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी, पाहून डॉक्टरांनी घ्यायचा असतो. त्यानंतरही तपासण्या सुरू ठेवाव्या लागतात.

गैरसमज २: मला काही त्रास नाही, म्हणजे साखर ठीकच असणार.

वस्तुस्थिती: रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या पुढे गेली की लघवीत उतरू लागते आणि मग सारखी लघवी, तहान ही लक्षणं दिसतात. त्याच्या खालची वाढलेली साखर काही न जाणवताही डोळे, किडनी आणि नसांना इजा करत राहते. म्हणून वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा, लघवीतलं प्रथिन आणि पायांची संवेदना तपासून घ्यायलाच हवी. ब्रिटनमध्ये १९७७ ते १९९७ या काळात पाच हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या अभ्यासात, साखर काटेकोर ताब्यात ठेवलेल्या गटात डोळे-किडनीसारख्या गुंतागुंती सुमारे २५ टक्क्यांनी कमी आढळल्या. पुढच्या १० वर्षांच्या पाठपुराव्यातही हा फायदा टिकून होता. आज घेतलेली काळजी वाया जात नाही.

गैरसमज ३: रोजच्या गोळ्यांनी किडनी खराब होते.

वस्तुस्थिती: किडनीला मुख्य धोका चढलेल्या साखरेचा आणि रक्तदाबाचा असतो. मेटफॉर्मिनची गोळी किडनी बिघडवत नाही. किडनी आधीच कमजोर असेल तर डॉक्टर या गोळीचा डोस कमी करतात किंवा ती थांबवतात. काही नवी औषधं तर किडनीचं रक्षणही करतात.

गैरसमज ४: इन्शुलिन म्हणजे शेवटची पायरी; एकदा सुरू झालं की सुटत नाही.

वस्तुस्थिती: इन्शुलिन आपल्याच शरीरात तयार होणारं संप्रेरक आहे, त्याचं व्यसन लागत नाही. वर्षं जातात तशी स्वादुपिंडाची क्षमता घटू शकते. तेव्हा इन्शुलिन लागणं हा रुग्णाचा पराभव नव्हे. शस्त्रक्रिया किंवा मोठ्या आजारपणात ते तात्पुरतंही देतात. भीतीपोटी ते वर्षानुवर्षं टाळण्यात खरा धोका आहे.

गैरसमज ५: साखर वर्ज्य, पण गूळ, मध आणि उपासाचं चालतं.

वस्तुस्थिती: गूळ आणि मधानेही साखर वाढतेच. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. खिचडीत बटाटा पडला की भर. भाकरी पोळीपेक्षा बरी, म्हणून चार खाल्ल्या तर उपयोग नाही. ताटात भाजी आणि डाळ-उसळ वाढवा, भात-भाकरी मोजून घ्या. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्शुलिन घेऊन उपाशी राहिलात, तर साखर ७० च्या खाली जाऊ शकते. थरथर, घाम, घाबरल्यासारखं झालं तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून घ्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. उपास करायचा असेल तर आधीच डॉक्टरांशी बोला.

गैरसमज ६: दिवसभर घरकाम होतं, वेगळं चालायला कशाला हवं?

वस्तुस्थिती: घरकामाचा उपयोग होतोच, पण आठवड्यातून १५० मिनिटं तरी दम किंचित वाढेल असं चालणं हवं. एकदम जमत नसेल तर प्रत्येक जेवणानंतर १०–१५ मिनिटं चाला.

गोळ्या चुकल्या असतील तर डॉक्टरांपासून लपवू नका. नाहीतर औषध अपुरं पडतंय असं समजून डोस वाढवला जातो. खर्च झेपत नसेल तर तेही सांगा. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड यांसारखी औषधं जनऔषधी केंद्रात बरीच स्वस्त मिळतात. अडचण बोलून दाखवली, तर पेलवेल असा उपचार आखता येतो आणि तोच वर्षानुवर्षं टिकतो.