बावन्न जागा, बारा नावे

युकुलेले घरात आल्यावर पंधरा दिवसांत ज्या वेगाने गाणी वाजू लागतात, तो वेग अन्य कोणत्याही तंतुवाद्यात क्वचितच आढळतो. तिसऱ्या पडद्यावर एकाच तारेवर एक बोट ठेवले आणि उरलेल्या तीन तारा मोकळ्या सोडल्या, की सी ही पहिली कॉर्ड, म्हणजे स्वरमेळ, तयार होतो. आणखी दोन बोटांनी एफ, तीन बोटांनी जी सेव्हन. एवढ्या तीन कॉर्डवर मुले-मुली डझनावारी गाणी म्हणू लागतात. वाद्य जेमतेम दोन वितींचे, वजनाने हलके, तारा नायलॉनच्या असल्याने बोटांना फारसा त्रास नाही. आई-वडील समाधानी असतात आणि आजी-आजोबा कौतुकाने समोर येऊन बसतात.

अडचण उभी राहते ती इथेच. गाणे ओळखीचे निघाले की आजींनाही म्हणावेसे वाटते. दोन ओळी होतात, तिसऱ्या ओळीला सूर वर चढतो आणि आजी थांबतात. "अरे, जरा खालून घे ना. आता एवढा वर जात नाही माझा आवाज." नातू बोटांकडे पाहतो, वहीतील आकृत्यांकडे पाहतो आणि प्रामाणिकपणे सांगतो, "आजी, हे गाणं इथूनच आहे." मग आजी टाळ्या वाजवत राहतात.

नातवाचा दोष नाही. त्याला शिकवले गेले ते बोटे कोठे ठेवायची एवढेच. त्या बोटांखाली कोणता स्वर आहे, हे त्याला कोणी सांगितले नाही. युकुलेलेच्या बाबतीत असे का घडते, याचे उत्तर या वाद्याच्या इतिहासात आहे.

ऑगस्ट 1879 मध्ये 'रेव्हन्सक्रॅग' नावाचे जहाज पोर्तुगालच्या मदेरा बेटावरील मजुरांना घेऊन हवाई बेटांतील होनोलुलू बंदरास लागले. हे लोक उसाच्या मळ्यांत राबण्यासाठी आले होते. त्यांच्यापैकी मॅन्युएल नुनेस, ऑगस्टो डियास आणि जोसे दो एस्पिरितो सांतो हे तिघे सुतारकामात तरबेज होते. मळ्यातील करार संपल्यावर त्यांनी होनोलुलूत लाकूडकामाची दुकाने थाटली आणि मदेरातील लहानशा चार तारांच्या वाद्यावरून हवाईचे नवे वाद्य घडवले. राजा कालाकाउआ याने त्याला दरबारी मान दिला. (हा राजा 1881 च्या आपल्या जगप्रवासात मुंबईलाही येऊन गेला होता.) हवाईच्या भाषेत 'उकु' म्हणजे पिसू आणि 'लेले' म्हणजे उडी मारणे, वादकाची चपळ बोटे पाहून हे नाव पडले असे सांगतात. राणी लिलिउओकलानी यांना मात्र 'इथे आलेली भेट' हा अर्थ अधिक प्रिय होता, आणि समुद्रापलीकडून आलेल्या वाद्याला तो शोभतोही.

1915 साली सॅन फ्रान्सिस्को येथे भरलेल्या पनामा-पॅसिफिक प्रदर्शनात अमेरिकेने हे वाद्य ऐकले आणि त्याची लाट उसळली. 1920 च्या दशकात न्यूयॉर्कच्या मे सिंघी ब्रीन या वादिकेने (सिंघी हे नाव वाचून वाचकांचे कान टवकारतील, पण बाई अमेरिकन) छापील गाण्यांच्या कागदांवर युकुलेलेच्या कॉर्डच्या लहान चौकटी छापण्यास प्रकाशकांना राजी केले. चार उभ्या रेघा म्हणजे तारा, आडव्या रेघा म्हणजे पडदे, ठिपका म्हणजे बोट. स्वरलिपी वाचता न येणाऱ्या लाखो लोकांना या चौकटींनी गाते केले. युकुलेलेला वाद्य मानायला तयार नसलेल्या संगीतकारांच्या संघटनेशीही या बाईंनी वाद घातला. त्यांचे उपकार मोठे आहेत. पण त्या चौकटीत स्वराचे नाव नव्हते, आणि आजही बहुतेक शिकणारे त्या चौकटीतच राहतात.

वस्तुतः युकुलेलेच्या पट्टीवरील स्वर पाठ करणे हे काम गिटारच्या निम्म्याहूनही कमी आहे. साध्या सोप्रानो युकुलेलेला चार तारा आणि किमान बारा पडदे असतात. चार मोकळ्या तारा आणि अठ्ठेचाळीस पडद्यांच्या जागा मिळून बावन्न. या बावन्न जागांवर प्रत्यक्ष निरनिराळे स्वर मात्र बावीसच आहेत, बाकीच्या पुनरावृत्ती. आणि त्या बावीस स्वरांची नावे फक्त बारा. ही बारा नावे मराठी घरांतून ज्याने एकदा तरी पेटी पाहिली आहे, त्याला बहुधा आधीच ठाऊक असतात. आपले गायक 'सी शार्प' म्हणत नाहीत, 'काळी एक' म्हणतात. पाश्चात्त्य सी म्हणजे आपली पांढरी एक, डी पांढरी दोन, ई पांढरी तीन, एफ पांढरी चार, जी पांढरी पाच, ए पांढरी सहा आणि बी पांढरी सात. मधल्या पाच काळ्या. पांढरी तीन आणि चार यांच्यामध्ये काळी पट्टी नाही, तशीच सात आणि पुढच्या एकच्यामध्येही नाही. पेटीवर हे डोळ्यांना दिसते. युकुलेलेवर दिसत नाही, कारण तेथे सगळे पडदे सारखेच. एक पडदा पुढे जाणे म्हणजे पेटीवरची शेजारची पट्टी, मग ती काळी असो की पांढरी. एवढा एक नियम पक्का झाला की कोणत्याही तारेवरील कोणताही स्वर मोजून काढता येतो.

मोकळ्या तारांचे स्वर असे. वाद्य हाती धरल्यावर जमिनीच्या बाजूची तार पहिली, तिचा स्वर ए, म्हणजे पांढरी सहा. तिच्यावरची दुसरी ई, पांढरी तीन. तिसरी सी, पांढरी एक; हीच सर्वांत खालच्या स्वराची. आणि वादकाच्या चेहऱ्याकडची चौथी जी, पांढरी पाच. या चौथ्या तारेपाशी नवशिका फसतो. गिटारप्रमाणे ती सर्वांत खर्जातील असेल असे वाटते; प्रत्यक्षात ती सी आणि ई या दोहोंहून उंच असते. युकुलेलेचा तो खळखळता, हसरा नाद बराचसा या उलट लावलेल्या तारेमुळे येतो. इंग्रजी बोलणारे वादक तारा जुळवताना चौथीपासून पहिलीपर्यंतचे चार स्वर 'माझ्या कुत्र्याला पिसवा झाल्या' अशा अर्थाच्या चार शब्दांवर म्हणतात. नावातली पिसू तेथेही पाठ सोडत नाही.

आता पट्टीवरील ठिपके पाहावेत. बहुतेक युकुलेलेंवर पाचव्या, सातव्या, दहाव्या आणि बाराव्या पडद्याशी खुणेचे ठिपके असतात. ती केवळ शोभा आहे अशी अनेकांची समजूत असते. मोकळ्या तारेला सा मानले तर पाचव्या पडद्यावर मध्यम येतो, सातव्यावर पंचम, दहाव्यावर कोमल निषाद आणि बाराव्यावर वरचा सा. चारही तारांवर हेच. त्यातही गंमत अशी की चार तारांच्या या सोळा ठिपकेदार जागांपैकी पंधरा जागा पांढऱ्या पट्ट्यांच्या आहेत. काळी फक्त एक, सीच्या तारेवरील दहावा पडदा, म्हणजे काळी पाच. पहिल्या तारेवर पाचवा डी, सातवा ई, दहावा जी, बारावा ए. दुसऱ्या तारेवर अनुक्रमे ए, बी, डी, ई. चौथीवर सी, डी, एफ, जी. ठिपक्यांवरील स्वर पाठ झाले की मधल्या जागा एक-दोन पावलांवरच असतात.

शिकण्याचा क्रम घाई न करणारा असावा. पहिला आठवडा केवळ पहिल्या तारेचा: मोकळी ए, दुसऱ्या पडद्यावर बी, तिसऱ्यावर सी, पाचव्यावर डी, सातव्यावर ई, आठव्यावर एफ, दहाव्यावर जी. प्रत्येक स्वर छेडताना त्याचे नाव मोठ्याने उच्चारावे. मनातल्या मनात म्हटलेले नाव लवकर विसरते. रोज दहा मिनिटे पुरतात. पुढच्या आठवड्यात दुसरी तार, मग तिसरी, मग चौथी. काळ्या पट्ट्या वेगळ्या पाठ करण्याची गरज नाही, त्या पांढऱ्यांच्या मध्ये आपोआप सापडतात. महिनाभराने उलटा अभ्यास सुरू करावा: एक स्वर घ्यावा आणि तो चारही तारांवर शोधावा. सी हवा असेल तर तिसरी तार मोकळी, दुसरीवर आठवा पडदा, पहिलीवर तिसरा, चौथीवर पाचवा.

हिशेबाची सवय असलेल्यांना यात ताळा पाहण्याचीही सोय आहे. तिसऱ्या तारेचा चौथा पडदा आणि मोकळी दुसरी तार यांचा स्वर तंतोतंत एकच असला पाहिजे. दुसरीचा तिसरा पडदा आणि मोकळी चौथी, दुसरीचा पाचवा पडदा आणि मोकळी पहिली, चौथीचा दुसरा पडदा आणि पुन्हा मोकळी पहिली. यातली एखादी जोडी जुळली नाही, तर एक तार उतरली आहे किंवा शिकणाऱ्याची मोजणी चुकली आहे. मोकळ्या पहिल्या तारेचा ए तर चारही तारांवर, त्याच उंचीवर सापडतो: मोकळा, दुसरीच्या पाचव्या, तिसरीच्या नवव्या आणि चौथीच्या दुसऱ्या पडद्यावर. पेटीवर एका उंचीच्या स्वराला एकच पट्टी. येथे चार दारे. वादक त्यांपैकी जवळचे निवडतो.

पडदे रुतवलेले असल्याने काही मर्यादाही पेटीच्याच वाट्याच्या येतात. सतारीचे पडदे बांधलेले असतात, रागानुसार सरकवता येतात, तार खेचून मींड घेता येते. युकुलेलेवर पडद्यांची जागा कायमची ठरलेली, आणि आखूड तारेवर खेचाखेचीला फार वाव नाही. रागसंगीतासाठी हे वाद्य नव्हे, हे मान्य करून टाकावे. चारचौघांनी मिळून गाण्यासाठी मात्र त्याच्यासारखे दुसरे वाद्य शोधावे लागेल.

कॅनडात नोव्हा स्कोशिया प्रांतातील हॅलिफॅक्स येथे चाल्मर्स डोन या संगीतशिक्षकाने 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात शालेय मुलांच्या हाती युकुलेले दिले, ते कॉर्ड बडवण्यासाठी नव्हे. स्वर ओळखणे, वाचणे, चाल तारांवर वाजवणे आणि स्वतः गाणे हा त्यांचा अभ्यासक्रम होता. तेथील शाळांत तारा डी, एफ शार्प अशा वरच्या स्वरांत लावण्याचा प्रघात पडला, पण तत्त्व तेच: मुलाला जागेबरोबर नाव ठाऊक हवे. त्या पद्धतीने शिकलेल्या मुलांना युकुलेलेवर संगीताचे जे वाचन आले, ते पुढे कोणत्याही वाद्यावर उपयोगी पडणारे होते.

वाद्य विकत घेताना एक चौकशी या नियतकालिकाच्या वाचकांनी करावी. पूर्वी युकुलेलेला प्राण्यांच्या आतड्यांपासून केलेल्या तारा लावत. दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉन आले आणि आज बाजारातील बहुतेक तारा नायलॉनच्या किंवा तत्सम कृत्रिम धाग्याच्या असतात. काही महाग वाद्यांत मात्र तारा टेकतात त्या दोन बारीक पट्ट्या हाडाच्या असतात. त्या जागी प्लास्टिकच्या वा अन्य कृत्रिम पट्ट्या सहज मिळतात. दुकानदाराला विचारण्यात संकोच नसावा.

आता पुन्हा आजींकडे. गाणे सीमध्ये, म्हणजे पांढरी एकमध्ये बसवलेले आहे. त्यातील तीन कॉर्ड सा, म आणि प या स्वरांवर उभ्या आहेत: सी, एफ आणि जी सेव्हन. आजींना ते पांढरी सहाला हवे. ज्या नातवाला नावे येतात तो पहिल्या तारेकडे पाहतो. मोकळी तार ए, तोच नवा सा. पाचव्या पडद्याचा ठिपका डी, म्हणजे मध्यम. सातव्याचा ठिपका ई, म्हणजे पंचम. नव्या कॉर्ड ए, डी आणि ई सेव्हन. वहीत त्यांच्या आकृत्या पूर्वीपासूनच होत्या. त्या या गाण्याला लागतात हे फक्त आता कळले. एला दोन बोटे, डीला तीन, ई सेव्हनलाही तीनच. पाच मिनिटांत बोटे बसतात.

आजी पहिले कडवे पूर्ण म्हणतात. तिसरी ओळ या वेळी अडत नाही. दुसऱ्या कडव्याच्या आधी त्या घसा खाकरतात आणि म्हणतात, "छान. अजून अर्धा सूर खाली घेशील?"

अर्धा सूर खाली म्हणजे काळी चार. तेथून पाच पडदे मोजले तर काळी एक, सात मोजले तर काळी दोन. तिन्ही कॉर्ड काळ्यांवरच्या, एकही मोकळी तार मदतीला नाही. नातू क्षणभर विचार करतो. सी कॉर्डमध्ये पहिल्या तारेवर तिसऱ्या पडद्याशी बोट होते, ते सीच्याच स्वरावर. तोच आकार सबंध एक पडदा पुढे सरकवला तर ते बोट चौथ्या पडद्यावर, काळी एकवर येईल. मागे मोकळ्या राहिलेल्या तारांवर पहिल्या पडद्याशी तर्जनी आडवी टाकायची. निदान मध्यमाची कॉर्ड तरी सापडली. तो तर्जनी आडवी करून दाबतो. एक तार खरखरते. पुन्हा दाबतो.

"घाई नाही रे," आजी म्हणतात, आणि चष्मा पुसत बसून राहतात.