पांढरी जर्सी : पंचविशीपर्यंतची शर्यत

जुलैमध्ये टूर द फ्रान्स सुरू झाली की पिवळी जर्सी कोणाच्या अंगावर आहे हे पहिल्याच दिवशी कळतं. हिरवी आणि लाल ठिपक्यांची जर्सीही दोन-चार दिवसांत ओळखीची होते. पांढऱ्या जर्सीकडे मात्र पुष्कळ जण काणाडोळा करतात. तरुण सायकलपटूंसाठीचं उत्तेजनार्थ बक्षीस, अशीच तिच्याबद्दल समजूत असते. ही समजूत चुकीची आहे. अलीकडच्या काही वर्षांत टूरमधली सर्वांत अटीतटीची झुंज याच जर्सीसाठी झाली आहे. शिवाय तिचे नियम एकदा नीट समजले, की तीन आठवड्यांची शर्यत नेमकी कुठे जिंकली जाते आणि कुठे हातची जाते, हेही उलगडायला लागतं.

एका शर्यतीच्या पोटात चार शर्यती

मुंबई-पुणे सायकल शर्यतीत पुण्याला पहिला पोहोचणारा विजेता होतो, आणि घाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ हा वेगळा मान मिळतो. टूरमध्ये हीच पद्धत फार मोठ्या प्रमाणावर आहे. तिथे २१ टप्पे, मध्ये दोन विश्रांतीचे दिवस, सुमारे ३,३०० किलोमीटर अंतर आणि आठ-आठ जणांचे संघ असतात. सगळ्या टप्प्यांची वेळ मिळवून ज्याची बेरीज सर्वांत कमी, त्याला पिवळी जर्सी. वेगवान शेवट करणाऱ्यांच्या गुणांवर हिरवी, आणि चढांवरच्या गुणांवर ठिपक्यांची.

पांढऱ्या जर्सीला गुण नसतात. तिचं घड्याळ आणि पिवळ्या जर्सीचं घड्याळ एकच. एकूण वेळेची यादी घ्यायची, वयाच्या अटीत न बसणारी नावं वगळायची आणि उरलेल्यांत जो सर्वांत वर असेल त्याला पांढरी जर्सी द्यायची. म्हणून या जर्सीचा दावेदार हा मुळात एकूण विजेतेपदाच्या जातकुळीतला सायकलपटू असावा लागतो. सपाट रस्त्यावर कितीही वेगवान असला तरी डोंगरात मागे पडणाऱ्या तरुणाला इथे संधी नाही.

वयाची अट

अट जन्मवर्षावर ठरते. ज्या वर्षी शर्यत आहे त्या वर्षात वयाची २६ वर्षं पूर्ण होणार नसतील, तर सायकलपटू पात्र. २०२५ च्या टूरसाठी याचा अर्थ होता, जन्म १ जानेवारी २००० रोजी किंवा त्यानंतरचा हवा. बेल्जियमचा रेम्को एवेनपूल २५ जानेवारी २००० चा, म्हणजे अगदी काठावर, पण पात्र. जर्मनीचा फ्लोरियान लिपोविट्झ सप्टेंबर २००० चा. स्कॉटलंडचा ऑस्कर ऑनली ऑक्टोबर २००२ चा. यादी एकच, पण पहिल्या आणि तिसऱ्याच्या वयात पावणेतीन वर्षांचं अंतर. या वयात दर वर्षीच्या सरावाने आणि शर्यतींनी शरीराची सहनशक्ती वाढत असते, त्यामुळे हे अंतर लहान नाही.

ही अट सुरुवातीपासून अशी नव्हती. १९७५ मध्ये तरुणांची क्रमवारी सुरू झाली आणि इटलीचा फ्रान्चेस्को मोझेर पहिला विजेता ठरला. तेव्हा व्यावसायिक कारकिर्दीची पहिली तीन वर्षं हा निकष होता. १९८३ पासून पहिल्यांदाच टूरला आलेल्यांचाच विचार होऊ लागला. त्या वर्षी लोराँ फिन्योंने पहिल्याच प्रयत्नात ही क्रमवारी जिंकली, आणि सोबत अख्खी टूरही. १९८७ पासून वयाचा निकष आला. १९८९ ते १९९९ या काळात क्रमवारी चालू होती, पण तिची जर्सीच नव्हती. मार्को पांतानी दोनदा आणि यान उलरिख तीनदा तरुणांमध्ये पहिले आले ते याच काळात, म्हणजे पांढरी जर्सी अंगावर न चढवता. २००० मध्ये ती परत आली.

इटलीची जिरो आणि स्पेनची व्हुएल्ता या अशाच तीन आठवड्यांच्या शर्यतींमध्येही तरुणांसाठी पांढरीच जर्सी असते.

सेकंद कुठे मिळतात, कुठे जातात

सपाट टप्प्यावर दीडशे-पावणेदोनशे जणांचा घोळका एकत्र शेवटची रेषा ओलांडतो आणि त्या गटातल्या सगळ्यांना एकच वेळ दिली जाते. शेवटच्या तीन किलोमीटरमध्ये कोणी पडला किंवा चाक पंक्चर झालं, तर तो ज्या गटात होता त्या गटाची वेळ त्याला मिळते. डोंगरमाथ्यावर संपणाऱ्या टप्प्यांना ही सवलत नाही. टाइम ट्रायल सोडून इतर टप्प्यांवर पहिल्या तिघांच्या वेळेतून अनुक्रमे १०, ६ आणि ४ सेकंद वजा होतात.

याचा परिणाम असा, की २१ पैकी निम्म्याहून जास्त दिवस पांढऱ्या जर्सीच्या दावेदाराला कमावण्यासारखं फारसं काही नसतं. गमावण्यासारखं मात्र खूप असतं. आडव्या वाऱ्यात घोळका फुटला आणि तो मागच्या तुकडीत अडकला, तर एका मिनिटाची भरपाई करायला पुढे अख्खा डोंगर लागतो. म्हणून हे तरुण सपाट रस्त्यावरही पुढच्या तीस-चाळीस जणांत राहण्यासाठी धडपडताना दिसतात. कमाई होते ती पाच-सहा डोंगरी टप्प्यांवर आणि टाइम ट्रायलमध्ये, जिथे सायकलपटू एकटा घड्याळाशी लढतो.

जर्सी एकाची, अंगावर दुसऱ्याच्या

प्रक्षेपण पाहताना गोंधळ होतो तो इथे. एकाच सायकलपटूकडे दोन जर्सींचा मान असेल, तर तो मोठ्या मानाची जर्सी घालतो. क्रम पिवळी, हिरवी, ठिपक्यांची आणि शेवटी पांढरी असा आहे. पांढरी मग तरुणांमधला दुसरा घालतो.

२०२५ मध्ये आयर्लंडचा बेन हीली दहाव्या टप्प्यानंतर एकूण क्रमवारीत पहिला आला. त्याचा जन्मही २००० चा, त्यामुळे दोन्ही क्रमवारी त्याच्याकडे. पुढचे दोन दिवस तो पिवळ्या जर्सीत होता आणि पांढरी एवेनपूलच्या अंगावर होती. २०२१ मध्ये ताडेय पोगाचार पिवळ्या जर्सीत असताना योनास विंगेगोरने पांढरी घातली होती. पुढच्याच वर्षी विंगेगोरने टूर जिंकली.

संघात तुम्ही कोण?

वय बसतं, पाय चांगले आहेत, तरीही जर्सी मिळत नाही, असंही होतं. प्रत्येक संघाचा एक म्होरक्या असतो आणि बाकीचे त्याच्यासाठी राबतात. बाटल्या आणून देणं, वारा अंगावर घेणं, चढावर गती लावून प्रतिस्पर्ध्यांना थकवणं ही त्यांची कामं. तरुणांच्या वाट्याला बहुधा हेच काम येतं.

कोलंबियाचा एगान बर्नाल २०१८ मध्ये २१ वर्षांचा होता. टीम स्कायमध्ये त्याने तीन आठवडे गेरेंट थॉमस आणि क्रिस फ्रूम यांच्यासाठी चढांवर गती लावली. थॉमस जिंकला, फ्रूम तिसरा आला आणि बर्नाल एकूण पंधरावा. पांढरी जर्सी तेराव्या आलेल्या पिएर लातूरला मिळाली. पुढच्या वर्षी बर्नालला स्वतःसाठी लढायची मोकळीक मिळाली आणि त्याने पिवळी आणि पांढरी दोन्ही जिंकल्या. त्यामुळे दावेदार ओळखताना तो कोणत्या संघात आहे आणि त्या संघात त्याच्या वर कोण आहे, हे आधी पाहावं.

दोन दिवसांची लढत

आता २०२५ च्या टूरमधले दोन दिवस जवळून पाहू. चौदाव्या टप्प्यावर, तुर्मलेच्या चढावर, एवेनपूलने शर्यत सोडली. तेव्हा तो एकूण तिसरा होता. पांढरी जर्सी लिपोविट्झकडे आली. हा मुळात बायथलॉनचा खेळाडू, म्हणजे बर्फावरचं स्कीइंग आणि नेमबाजी यांतून सायकलिंगकडे वळलेला. त्याच्या संघात प्रिमोझ रोग्लिचसारखा अनुभवी म्होरक्याही होता.

सतराव्या टप्प्यानंतर लिपोविट्झ एकूण तिसरा आणि ऑनली चौथा होता. दोघांमध्ये २ मिनिटं १ सेकंदाचं अंतर होतं. अठरावा टप्पा या टूरमधला सर्वांत खडतर. आधी ग्लांदों, मग मादलेन आणि शेवटी २६ किलोमीटरहून लांब, २,३०४ मीटर उंचीवर संपणारा कोल द ला लोझ. मादलेन उतरल्यावर खोऱ्यातल्या सपाट रस्त्यावर लिपोविट्झने दिग्गजांचा गट सोडला आणि पुढे निघाला. धाडस कौतुकाचं होतं, पण खोऱ्यात एकट्याने वारा कापताना जी ताकद जाते ती शेवटच्या चढावर परत मिळत नाही. लोझच्या चढावर मागून आलेल्यांनी त्याला गाठलं आणि मागे टाकलं. ऑनली मात्र शांतपणे गटात राहिला होता. तो टप्प्यात चौथा आला. संध्याकाळी दोघांमधलं अंतर उरलं होतं २२ सेकंद. एका चढावर १ मिनिट ३९ सेकंद गेले होते.

दुसऱ्या दिवशी ला प्लान्यचा टप्पा होता. वाटेतल्या भागात गुरांमध्ये लम्पी त्वचारोग आढळल्याने आयोजकांनी तो ९३ किलोमीटरवर आणला होता. शेवटी १९ किलोमीटरचा चढ. आदल्या दिवशी कोसळलेला लिपोविट्झ या दिवशी पोगाचार आणि विंगेगोरच्या जोडीने टिकला आणि चौथा आला. शेवटच्या भागात ऑनलीचे पाय गळाले आणि तो ४१ सेकंदांनी मागे राहिला. पॅरिसला पोहोचेपर्यंत अंतर १ मिनिट १२ सेकंद झालं. एकाला पांढरी जर्सी आणि एकूण तिसरं स्थान, दुसऱ्याला एकूण चौथं स्थान.

या दोन दिवसांत दोघांनाही एकेक वाईट वेळ आली. निकाल ठरला तो त्यातून सावरण्यावर. लिपोविट्झ रात्रीतून सावरला. ऑनलीने लोझवर जे खर्च केलं ते चोवीस तासांत भरून आलं नाही.

तिसरा आठवडा

पांढऱ्या जर्सीची खरी कसोटी हीच. एका दिवसाच्या शर्यतीत वीस-एकवीस वर्षांचा मुलगा कोणालाही हरवू शकतो. तीन आठवड्यांत शरीराला रोज रात्री झीज भरून काढावी लागते. आजचे सायकलपटू शर्यतीत तासाला शंभर ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं पोटात घालतात. शर्यत संपताच पुन्हा खाणं, मालिश, झोप. हे पचवण्याची सवयसुद्धा वर्षानुवर्षांच्या सरावाने लागते.

नुसते पाय पुरत नाहीत, डोकंही लागतं. २०२५ च्या जिरोमध्ये मेक्सिकोचा २१ वर्षांचा इसाक देल तोरो पहिल्या क्रमांकाच्या गुलाबी जर्सीत अखेरून दुसऱ्या दिवसापर्यंत पोहोचला. फिनेस्त्रेच्या घाटात तो आणि रिचर्ड कारापास एकमेकांवर नजर ठेवून राहिले आणि पुढे निघालेल्या सायमन येट्सने जिरो जिंकली. देल तोरो दुसरा आला आणि पांढरी जर्सी त्याला मिळाली.

अट बदलावी का?

पांढऱ्या जर्सीच्या अंतिम विजेत्याला २०,००० युरो मिळतात आणि पिवळ्या जर्सीच्या विजेत्याला ५,००,०००. मानातलं अंतर मात्र कमी होत चाललं आहे. २०२० मध्ये पोगाचार अखेरून दुसऱ्या दिवशी रोग्लिचच्या ५७ सेकंद मागे होता. ३६ किलोमीटरच्या टाइम ट्रायलमध्ये त्याने ही पिछाडी तर भरून काढलीच, वर एकूण ५९ सेकंदांची आघाडी घेतली. पिवळी, पांढरी आणि ठिपक्यांची अशा तिन्ही जर्सी त्याच्या झाल्या. पॅरिसला शर्यत संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी तो २२ वर्षांचा झाला. पुढे २०२३ पर्यंत चारही वर्षं पांढरी जर्सी त्यानेच जिंकली. हा विक्रम आहे.

टूर जिंकलेला माणूस तरुणांच्या यादीत कशाला, अट २३ वर खाली आणा, असं तेव्हापासून म्हटलं जातं. मला ते पटत नाही. एका असामान्य सायकलपटूवरून सगळ्यांचं माप ठरवू नये. २३ वर्षांखालच्यांसाठी टूर द लाव्हनीर ही वेगळी, कमी लांबीची शर्यत आहेच. बर्नाल, पोगाचार आणि देल तोरो तिथूनच पुढे आले. तीन आठवडे सहन करण्याची ताकद बहुतेकांना २४-२५ च्या सुमारास येते आणि पांढऱ्या जर्सीची अट त्या वयाला धरून आहे. शिवाय यादी आपोआप नवी होत राहते. लिपोविट्झसाठी २०२५ ही शेवटची संधी होती. ऑनली २०२७ पर्यंत पात्र आहे.

पुढची टूर पाहाल तेव्हा एक करून पाहा. पहिल्या दिवशी वयाच्या अटीत बसणारे चार-पाच चढाईचे सायकलपटू शोधून काढा, त्यांची संघातली जागा लिहून ठेवा आणि प्रत्येक डोंगरी टप्प्यानंतर त्यांच्यातलं अंतर टिपत जा. दुसऱ्या आठवड्यापर्यंत कोणाचंही नाव पक्कं धरू नका. पांढरी जर्सी तिसऱ्या आठवड्यात ठरते.