मान खाली घालून पाहणारा कॅमेरा

जुना फिल्म-कॅमेरा बाळगणाऱ्याला हल्ली एक प्रश्न हमखास विचारला जातो : खिशातल्या मोबाईलमध्ये हजारो छायाचित्रे मावत असताना हे ओझे कशाला? प्रश्न रास्त आहे, आणि ‘जुने ते सोने’ हे त्याचे उत्तर नव्हे. जुन्यातले पुष्कळसे निव्वळ भंगार असते. उत्तर हवे तर एखादा कॅमेरा हातात घेऊनच पाहावा लागेल.

उदाहरणादाखल रोलायफ्लेक्स घेऊ. जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथल्या फ्रांके आणि हायडेके यांच्या कारखान्यातून तो १९२९ साली बाजारात आला. त्याला एकावर एक अशी दोन भिंगे असतात. खालचे फिल्मवर चित्र घेते; वरच्यातून आलेली प्रतिमा तिरप्या आरशावरून माथ्यावरच्या दुधी काचेवर पडते. कॅमेरा पोटाशी धरायचा आणि मान खाली घालून त्या काचेत पाहायचे. चित्र सुलटे दिसते, पण डावे-उजवे मात्र उलटे! काचेत डावीकडे सरकणाऱ्या माणसाला पकडायला कॅमेरा कुठे वळवावा, हे कळेपर्यंत नवशिक्याची चांगलीच तारांबळ उडते.

या मान घालण्यातच खरी खुबी आहे, असे मला वाटते. डोळ्याला लावलेला कॅमेरा समोरच्यावर रोखल्यासारखा वाटतो. पोटाशी धरलेला तसा वाटत नाही. शटर भिंगातच असल्यामुळे आवाजही जेमतेम चुटकीएवढा. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या, भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) यांच्या हाती जे कॅमेरे असत, त्यांत रोलायफ्लेक्स होता. त्यांच्या चित्रांतली मोठमोठी माणसे किती सहज वावरताना दिसतात, ते पाहण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट हिशेबाची. या कॅमेऱ्यात पुढे रूढ झालेली १२० क्रमांकाची फिल्म कोडकने १९०१ साली आणली. ती आजही मिळते. एका रोलमध्ये चौकोनी चित्रे अवघी बारा. प्रत्येक चौकोन नेहमीच्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चित्राहून क्षेत्रफळाने साडेतीनपट मोठा, म्हणून बारकावे सुरेख उतरतात. पण संख्या बाराच! त्यामुळे काय घ्यायचे आणि काय सोडून द्यायचे, हे बटण दाबण्याआधी ठरवावे लागते. उजेडाचा अंदाजही आपणच बांधायचा. लख्ख उन्हात, १०० वेगाची फिल्म असेल तर छिद्र १६ वर आणि शटर सेकंदाच्या सव्वाशेव्या भागावर, एवढा आडाखा पाठ असला की पुष्कळ निभावते.

हे सारे फिल्मवर अवलंबून, आणि काळजी तिथेच आहे. ‘इंदू’ फिल्म बनवणारा उदकमंडलम् येथला हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा सरकारी कारखाना बंद पडला. कोडाक्रोम ही विख्यात रंगीत फिल्म कोडकने २००९ साली थांबवली. फिल्म धुऊन देणारी दुकाने आता शोधावी लागतात. म्हणूनच असा कॅमेरा काचेच्या कपाटात शोभेला ठेवणे मला पटत नाही. गिऱ्हाईक उरले तरच फिल्म उरेल.

कोणाला घ्यायचाच असेल, तर भिंग उजेडासमोर धरून पाहावे. आपल्याकडच्या पावसाळ्यात आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. मग शटर एका सेकंदावर लावून कॅमेरा कानाशी न्यावा. आतली घरघर एकसारखी चालली तर उत्तम. मध्येच अडखळली तर वंगण सुकलेले आहे. अशा वेळी आधी दुरुस्ती करणारा कारागीर शोधावा, पैसे नंतर मोजावेत.