एडवर्ड कर्टिस आणि पुसलेले घड्याळ

व्यक्तिचित्र हे चित्रित व्यक्तीविषयी केलेले एक विधानच असते. अर्थात विधानाप्रमाणे त्याचीही सत्यासत्यता तपासावी लागते. अमेरिकन छायाचित्रकार एडवर्ड कर्टिस (1868–1952) याच्या कार्यासंबंधीचा वाद मुळात याच स्वरूपाचा आहे.

सिअ‍ॅटल येथे छायाचित्रणाचा व्यवसाय करणाऱ्या कर्टिसने अमेरिकेतील आदिवासींची चित्रे घेण्याचे प्रचंड कार्य अंगावर घेतले. 1906 मध्ये जे. पी. मॉर्गन या धनिकाने त्यासाठी 75,000 डॉलर देऊ केले आणि 1907 ते 1930 या काळात ‘द नॉर्थ अमेरिकन इंडियन’ हा ग्रंथ वीस खंडांत प्रसिद्ध झाला. या जमाती लवकरच नामशेष होणार, हे त्यामागील गृहीतक होते. 1904 मधील एका चित्रात नवाहो घोडेस्वार पाठमोरे अंधाराकडे जाताना दिसतात; त्याचे शीर्षकच ‘लोप पावणारा वंश’ अशा अर्थाचे आहे.

हे गृहीतक चित्रांच्या घडणीतही उतरले. 1910 च्या सुमाराच्या एका चित्रात पीगन जमातीचे लिटल प्लूम व त्यांचे पुत्र यलो किडनी तंबूत बसलेले आहेत. मूळ निगेटिव्हमध्ये दोघांच्या मध्ये एक घड्याळ आहे; छापील चित्रात ते नाही. घड्याळ बाळगणारा मनुष्य वर्तमानकाळातला ठरतो आणि कर्टिसला तर भूतकाळ दाखवावयाचा होता. ‘आहेत’ या क्रियापदाच्या जागी ‘होते’ लिहावे, तसाच हा फेरफार होय.

तथापि एवढ्यावरून हे सारे कार्य त्याज्य मानणे न्याय्य ठरणार नाही. त्याच खंडांत अनेक भाषांच्या शब्दसूची आहेत. विल्यम मायर्स या सहकाऱ्याचे त्यामागे मोठे परिश्रम आहेत. मेणाच्या नळकांड्यांवर गीतेही ध्वनिमुद्रित करण्यात आली. कित्येक चित्रांखाली व्यक्तींची नावे नोंदलेली आहेत. 1900 च्या शिरगणतीत या लोकांची संख्या अडीच लाखांहूनही कमी होती. 2020 च्या शिरगणतीत सुमारे 97 लाख लोकांनी आपले नाते या वंशाशी, पूर्णतः वा अंशतः, नोंदविले. ज्यांचा लोप निश्चित मानला होता, त्यांच्याच वंशजांना आज या खंडांत आपल्या पूर्वजांचे चेहरे व शब्द सापडतात.

या वादाचा भाषाभ्यासकाशीही निकटचा संबंध आहे. एखाद्या बोलीची पाहणी करताना केवळ ‘शुद्ध’ शब्द टिपून उसने शब्द गाळणारा संशोधक असेच एखादे घड्याळ पुसत असतो. कर्टिसची मूळ निगेटिव्ह निदान शिल्लक राहिली; न टिपलेल्या शब्दाचा मात्र पुढे मागही लागत नाही.